हळदीच्या गणगोताची मोजदाद : डॉ. विल्यम रॉक्सबर्ग यांचे चरित्र

ज्या घरात हळद नाही असे घर आपल्या देशात शोधूनही सापडणार नाही. कालवणात हळद, जखमेवर हळद, लग्नात हळद. सांगलीकडील किंवा वसमतकडील शेतकऱ्यास विचारा, तो जेठा गड्डा कोणता, बगल गड्डा कोणता, बेणे कसे निवडावे आणि हळकुंडे किती वेळ शिजवावी हे डोळे मिटून सांगेल. परंतु हळदीचे भाऊबंद किती, ते कोठे राहतात, त्यांस एकमेकांपासून कसे ओळखावे, असे विचारल्यास आपणांपैकी बहुतेक जण गप्प बसतील. जी वस्तू रोज हातात असते ती आपणांस ठाऊक आहे, असे मनुष्य सहज धरून चालतो. हा समज किती पोकळ असतो हे ज्यांच्या आयुष्यावरून दिसते, अशा एका गृहस्थाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. हे गृहस्थ म्हणजे डॉ. विल्यम रॉक्सबर्ग. हिंदुस्थानच्या वनस्पतिशास्त्राचे जनक असे त्यांस म्हणतात.

रॉक्सबर्ग यांचा जन्म इ.स. १७५१ मध्ये स्कॉटलंडातील एअरशायर परगण्यात झाला. एडिंबरो येथे त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले. त्या काळी औषधे बहुतेक झाडपाल्याचीच असत, म्हणून वैद्य होऊ पाहणाऱ्यास वनस्पतींचा अभ्यास करावाच लागे. तेथील प्राध्यापक जॉन होप हे या विद्येचे मोठे जाणकार होते. त्यांच्या हाताखाली या तरुणास झाडे पाहण्याची जी गोडी लागली ती मरेपर्यंत सुटली नाही. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर शस्त्रवैद्याच्या हाताखाली काही काळ काम करून १७७६ साली ते मद्रास इलाख्याच्या वैद्यकीय खात्यात रुजू झाले.

तेथे त्यांस एका वडील मित्राचा लाभ झाला, आणि त्या मित्राची हकीकत आमच्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. त्यांचे नाव योहान गेरहार्ड क्योनिग. हे लिनियस या प्रसिद्ध स्वीडिश पंडिताचे शिष्य असून १७६८ साली तरंगंबाडी येथील मिशनचे वैद्य म्हणून या देशात आले होते. रोग्यांची सेवा करता करता त्यांनी दक्षिणेतील वनस्पतींचा अभ्यास केला, पुढे नोकरी बदलून ते सयाम व मलाक्का येथपर्यंत हिंडले. १७७९ साली त्या बाजूस असता आले, हळद, वेलदोडा यांच्या कुलातील वनस्पती त्यांनी ताज्या फुलांवरून वर्णन केल्या, आणि ती वर्णने १७८३ साली युरोपात छापून निघाली. १७८५ साली काकीनाड्याजवळ क्योनिग वारले. हाती घेतलेले काम अपुरे ठेवून ते गेले, परंतु एक गोष्ट त्यांनी आपल्या तरुण मित्रास दाखवून दिली होती. ती अशी की या कुलातील वनस्पती ओळखावयाच्या तर त्या जिवंत असताना, फूल उमललेले असताना, तेथेच बसून पाहिल्या पाहिजेत.

रॉक्सबर्ग यांची नेमणूक गोदावरीच्या मुखाजवळील सामलकोट येथे झाली होती. हा भाग आज आंध्र प्रदेशात मोडतो. तेथे त्यांनी एक बाग केली आणि कॉफी, मिरी, दालचिनी, नीळ इत्यादी झाडे लावून पाहिली. कंपनीस यातून नफा हवा होता, हे आपण विसरू नये. बागेचा खर्च तिने भूतदयेपोटी सोसला नाही. तथापि रॉक्सबर्ग यांची नजर नफ्यापलीकडे जात असे. दररोज हवामानाची नोंद करणे, रानात जाऊन झाडे आणणे, त्यांची चित्रे काढविणे आणि वर्णने लिहिणे, हा त्यांचा नेम होता.

अशी काही वर्षे लोटल्यावर १७८७ साली त्या किनाऱ्यावर मोठे वादळ झाले व समुद्राचे पाणी आत शिरले. हजारो माणसे बुडाली. या पुरात रॉक्सबर्ग यांनी जमविलेला वनस्पतींचा संग्रह नाहीसा झाला. कित्येक वर्षांची मेहनत एका रात्रीत पाण्यात गेली. असा प्रसंग आला असता हे काम आपल्या नशिबी नाही असे म्हणून दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. रॉक्सबर्ग यांनी पाणी ओसरल्यावर पहिल्या झाडापासून पुन्हा आरंभ केला.

पुढे लवकरच त्याच मुलखात पाऊस ओढला. १७८९ पासून दोन-तीन वर्षे भयंकर दुष्काळ पडून अन्नावाचून असंख्य लोक मेले. डॉक्टरांनी ही माणसे डोळ्यांनी पाहिली. पाऊस चुकला तरी ज्यांवर मनुष्याचा निर्वाह होईल अशी झाडे, म्हणजे नारळ, साबुदाण्याचा माड, फणस, केळ यांसारखी, गावोगाव व पाटांच्या काठी लावावी अशी सूचना त्यांनी सरकारास केली. वनस्पतींच्या याद्या करणे हा रिकामटेकड्यांचा छंद आहे असे ज्यांस वाटते त्यांनी हे ध्यानात धरावे. कोणत्या कंदात पीठ आहे आणि कोणत्यात विष आहे, हे ज्यास ठाऊक असते तोच दुष्काळात उपयोगी पडतो.

१७९३ साली रॉक्सबर्ग यांची कलकत्त्यास बदली झाली. हुगळी नदीच्या पश्चिम काठी शिबपूर येथे रॉबर्ट किड नामक लष्करी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १७८७ साली कंपनीची बाग सुरू झाली होती. किड वारल्यावर तिची व्यवस्था रॉक्सबर्ग यांजकडे आली. हीच बाग आज आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखली जाते. रॉक्सबर्ग आले तेव्हा तेथे सुमारे ३०० जातींची झाडे होती. वीस वर्षांनी त्यांनी बाग सोडली तेव्हा ती संख्या सुमारे ३५०० झाली होती. या वाढत्या बागेतच हळदीच्या गणगोताची मोजदाद झाली.

आता ही मोजदाद अवघड का होती ते सांगितले पाहिजे. १७५३ साली लिनियस यांनी जगातील वनस्पतींची यादी छापली तीत हळदीच्या वंशास कुर्कुमा असे नाव देऊन त्यात फक्त दोन जाती घातल्या, आणि त्यांपैकी एक आज या वंशात धरीतही नाहीत. त्यांच्या पूर्वी मलबारच्या वनस्पतींवर डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांनी १६७८ ते १६९३ या काळात बारा भागांचा मोठा ग्रंथ काढला होता व त्यात या कुलातील झाडांची चित्रे होती. तरीही युरोपातील पंडितांचा घोटाळा मिटेना. कारण उघड आहे. वनस्पती कागदात दाबून वाळविणे आणि जहाजाने विलायतेस पाठविणे, ही त्यांची रीत. आंब्याचे किंवा वडाचे पान असे वाळविले तर पुष्कळ वर्षे टिकते. हळदीचे फूल मात्र पाण्यासारखे नाजूक असते. ते थोडा वेळच टिकते आणि कागदात दाबताच त्याचा चिखल होतो. एकच पुंकेसर, त्याच्या बुडाशी दोन बारीक शिंगे, पाकळ्यांसारखे दिसणारे परंतु पाकळ्या नसलेले भाग, या ज्या खुणा पाहावयाच्या त्याच नाहीशा होतात. पान पाहावे तर सगळ्यांचे सारखेच. कंदाचा रंग व वास वाळल्यावर पालटतो. अशा स्थितीत लंडनात बसून निवाडा कसा व्हावा?

शिवाय ही झाडे वर्षातील पुष्कळ महिने जमिनीवर दिसतच नाहीत. उन्हाळ्यात कंद मातीत निजलेला असतो. पहिला पाऊस पडला की काही जातींत पान येण्यापूर्वीच जमिनीतून फुलांचे कणीस वर येते. काहींत आधी पाने वाढतात आणि मग त्यांच्या मधोमध कणीस निघते. जो मनुष्य एकदाच रानातून जाईल त्यास कधी फूल दिसेल पण पान दिसणार नाही, कधी पान दिसेल पण फूल दिसणार नाही, आणि एकाच झाडाची तो दोन झाडे मोजील किंवा दोहोंचे एक करील.

यावर रॉक्सबर्ग यांनी जो उपाय केला तो कोणत्याही शेतकऱ्यास पटेल. त्यांनी वाळलेली पाने गोळा करण्याऐवजी कंदच मागविले. बंगाल, बिहार, उत्तर सरकारचे डोंगर, पेगू आणि पूर्वेकडील मसाल्यांची बेटे येथून गड्डे येत, ते बागेत ओळीने लावले जात, आणि मग वाट पाहिली जाई. कणीस बाजूने येते की मधून येते, त्याच्या शेंड्यावरील तुरा कोणत्या रंगाचा आहे, पानाच्या मध्यावर जांभळा पट्टा आहे की नाही, कंद कापल्यावर आत काय दिसते व वास कसला येतो, हे सर्व ते झाडापुढे बसून लिहून ठेवीत. कणीस बाजूने येते की मधून, ही साधी खूण धरून त्यांनी हळदीच्या वंशाचे दोन वर्ग पाडले. आपल्या आजीनेही अशीच खूण सांगितली असती. परंतु ती प्रत्येक जातीस लावून पाहण्याचे कष्ट पूर्वी कोणी घेतले नव्हते.

१८१० साली एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या अकराव्या भागात, एकच पुंकेसर असलेल्या हिंदुस्थानातील वनस्पतींवर त्यांचा निबंध आला. त्यात आणि नंतरच्या ग्रंथात मिळून हळदीच्या बारांहून अधिक जाती त्यांनी वर्णन केल्या. त्यांपैकी काहींची ओळख येथे करून देतो. एकीचा कंद आत निळसर करडा, हीच काळी हळद. एकीचा रंग तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या कळंकासारखा. एकीचा कंद पांढरट, तर एकीच्या देठांवर तांबूस झाक. एकीचा कंद कापला की कैरीचा वास येतो, ती आपली आंबेहळद. बंगालात तिला आमआदा म्हणजे आंब्याच्या वासाचे आले म्हणतात, आणि तेच देशी नाव रॉक्सबर्ग यांनी शास्त्रात कायम केले. अरुंद पानांच्या एका जातीच्या कंदापासून पांढरे सत्त्व काढतात. मध्य हिंदुस्थानातील रानांत त्यास तिखूर म्हणतात, आपल्याकडे तवकीर. आजाऱ्यास व लेकरास पेज करून देतात ती हीच. ज्या डॉक्टरांनी दुष्काळात माणसे मरताना पाहिली, त्यांनी पीठ देणाऱ्या या कंदाची नीट ओळख करून द्यावी यात आम्हांस नवल वाटत नाही.

येथे दोन गोष्टी न्यायाने सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की रॉक्सबर्ग यांनी देशी लोकांचे ज्ञान तुच्छ लेखले नाही. संस्कृत, बंगाली, तेलुगू नावे ते झाडाच्या वर्णनाशेजारी लिहीत. आंबेहळद निराळी आणि हळद निराळी, हे खेड्यातील बायकांस लिनियसच्या फार आधीपासून ठाऊक होते. त्यांस ठाऊक असलेले पंचक्रोशीपुरते राहिले होते, ते जगाच्या यादीत घालण्याचे काम डॉक्टरांनी केले. दुसरी गोष्ट मात्र मनास टोचते. रॉक्सबर्ग यांनी अडीच हजारांहून अधिक वनस्पतींची रंगीत चित्रे काढविली. ती चित्रे हिंदी चिताऱ्यांनी काढली. फूल सुकण्यापूर्वी त्याचे खरे रूप कागदावर उतरविण्याचे कसब त्यांचे होते, आणि त्यांच्या कुंचल्यावाचून या मोजदादीस आधार उरला नसता. तरी त्या चित्रांवर त्यांची नावे नाहीत. हजारो झाडांना नावे मिळाली, आणि ती झाडे रंगविणारे हात निनावी राहिले.

याच हुगळीच्या काठी, शिबपुराच्या वर काही कोसांवर श्रीरामपूर आहे. तेथे १८०० सालापासून विल्यम कॅरी राहत होते. आमच्या वाचकांस त्यांची ओळख नको. मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी नवा करार १८११ साली त्यांच्याच छापखान्यातून बाहेर पडला. परंतु कॅरी हे झाडांचेही वेडे होते, आणि त्यांनी श्रीरामपुरास मोठी बाग केली होती, हे पुष्कळांस माहीत नसते. रॉक्सबर्ग व कॅरी यांची दाट मैत्री जमली. बी, कंद व रोपे एका बागेतून दुसऱ्या बागेत जात. सह्याद्रीच्या रानात आपण ज्यास कुंभा म्हणतो त्या झाडाच्या वंशास रॉक्सबर्ग यांनी आपल्या मित्राचे नाव दिले, ते आजही चालू आहे.

१८१२ च्या मार्च महिन्यात श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, खिळे आणि कॅरींच्या अनेक वर्षांच्या हस्तलिखितांची राख झाली. पंचवीस वर्षांपूर्वी एका मित्राचे काम पाण्याने नेले होते, आता दुसऱ्याचे अग्नीने नेले. कॅरींनीही तेच केले जे रॉक्सबर्ग यांनी केले होते, म्हणजे पुन्हा आरंभ केला. दुसऱ्याच्या अपुऱ्या कामाची किंमत अशा मनुष्यास अधिक कळते.

इकडे रॉक्सबर्ग यांची प्रकृती बंगालच्या हवेने खालावत चालली होती. १८१३ साली त्यांनी हिंदुस्थान सोडले. त्यांचा मोठा ग्रंथ, ज्यात या देशाच्या वनस्पतींचे समग्र वर्णन होते, तो अजून छापलेला नव्हता. त्याचे हस्तलिखित त्यांनी कॅरींच्या हवाली केले. परत जाताना ते वाटेत सेंट हेलेना बेटावर थांबले, आणि तेथेही आजारी असता बेटावरील झाडांची यादी केली. १८१५ च्या फेब्रुवारीच्या १८ तारखेस एडिंबरो येथे त्यांचा अंत झाला.

कॅरींनी मित्राचा विश्वास राखला. आगीनंतर दोनच वर्षांनी, १८१४ साली, शिबपूरच्या बागेतील झाडांची यादी त्यांनी श्रीरामपुरास छापली. नंतर डेन्मार्कचे डॉक्टर नॅथॅनियल वॉलिक यांच्या मदतीने मोठ्या ग्रंथाचा पहिला भाग १८२० साली व दुसरा १८२४ साली निघाला. आणि १८३२ साली रॉक्सबर्ग यांच्या पुत्रांच्या प्रयत्नाने तीन भागांत तो प्रसिद्ध झाला, तोही श्रीरामपुराहूनच. लिनियसच्या पद्धतीत एक पुंकेसर असलेल्या वनस्पतींचा वर्ग पहिला येतो. म्हणून हिंदुस्थानच्या वनस्पतींचा हा ग्रंथ उघडला की वड, पिंपळ, साग यांच्या कितीतरी आधी, आरंभीच्याच पानांत, आपली हळद आणि तिचे गणगोत भेटते. हे पाहून आम्हांस मोठे समाधान वाटते.

मोजदाद तेथे संपली काय? मुळीच नाही. १८३९ साली मुंबईच्या टपाल खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहम यांच्या मुंबई इलाख्यातील वनस्पतींच्या यादीत सह्याद्रीतील रानहळदीचे वर्णन आले. पावसाळ्यात घाटात गुलाबी तुऱ्याची जी रानहळद दिसते ती हीच. आज या वंशात शंभराहून अधिक जाती धरतात आणि नव्या जाती अजून सापडत आहेत. रॉक्सबर्ग यांच्या कामातील उणीवही पुढील पंडितांस जाचली. त्यांनी जिवंत झाडावर व चित्रावर भर दिला, आणि पुष्कळ जातींचे वाळलेले नमुने मागे राहिले नाहीत. त्यामुळे अमुक नाव त्यांनी नेमक्या कोणत्या झाडास दिले याविषयी काही ठिकाणी अद्याप वाद आहे, व त्यांची काही नावे बदलावीही लागली. चांगल्या मनुष्याच्या कामातही भोक राहते, आणि ते बुजविण्यास मागून येणाऱ्यांस खपावे लागते.

आपल्या शेतातील हळदीविषयीही नवे कळले आहे. लागवडीच्या हळदीत बहुधा गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे ६३ गुणसूत्रे असतात. दोन सारख्या वाटण्या होत नाहीत म्हणून तिला बी धरत नाही. ती माणसाने बेणे लावले तरच पुढील वर्षी उगवते. म्हणजे आपल्या ताटातील हळद शेकडो वर्षे एका हातातून दुसऱ्या हातात देत देत आपणांपर्यंत आली आहे. मध्ये एका पिढीने हात आखडता घेतला असता तर ती आपणांस मिळाली नसती.

ज्ञानाचेही तसेच आहे असे आम्हांस वाटते. क्योनिग यांनी ते रॉक्सबर्ग यांच्या हाती दिले, रॉक्सबर्ग यांनी कॅरींच्या, आणि मध्ये पाणी आले, आग आली, मरण आले, तरी बेणे जपले गेले. वाचकहो, येत्या पावसाळ्यात आपल्या गावच्या रानात हळदीसारखे झाड दिसले तर तसेच पुढे जाऊ नका. थोडे थांबा. कणीस बाजूने आले आहे की मधून, ते पाहा. गावातील एखाद्या म्हाताऱ्या बाईस तिचे नाव विचारा, आणि ते नाव आपल्या मुलांस सांगून ठेवा.